कुसळ

पावणेपाचला गाडी काढली, कोपऱ्यापर्यंत ढकलतच नेली,
कारण चिलवेरी काकूंची झोप कावळ्याच्या आधी मोडते
आणि मोडली की त्या खिडकीतून विचारतात, कुणासोबत?

टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंगला, एकोणीस वर्षं.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार
बोट फिरवलं की कळते.
आज सुट्टी. आज बोटं मुठीवर,
भावानं भंगारात घालायला काढलेली स्प्लेंडर
आणि बार्शी रस्ता.
समोरून एकच दिवा आला, मला वाटलं मोटरसायकल.
मग तो रुंद होत गेला, उसाची ट्रॉली झाला,
माझ्या गुडघ्याला पाचट घासून गेलं.

नान्नजच्या अलीकडं डांबर सोडलं.
मुरमाचा रस्ता मणक्यांना एकेक करून उठवतो.
हिवराखाली गाडी लावली,
सावली कसली, उसवलेली छत्री,
आणि तारेच्या बाहेर-बाहेरून चालायला लागले.

माळ सपाट दिसतो. पायांना विचारा.
तरवड, दगड, मुंग्यांनी उपसलेली माती,
मध्येच ओघळ, बसमध्ये कुणी कोपर मारावं तशी.
काळवीट मान वर करून बघत राहिले,
मी खाली बसले तेव्हा पळाले. उभी होते तोवर चालत होतं.
चंडोल इतका उंच गेला की
त्याचं ओरडणंच तेवढं उरलं.
मोजे कुसळांनी भरले. किती वेचणार?

बोरीखाली बसून बाटली उघडली,
पाणी चहाइतकं गरम. खिसा चाचपला.
किल्ली नाही.

मग आल्या पावली उलटी निघाले,
वाकून, माल तपासते तशी.
डावा पाय मी जास्त दाबते,
सत्तेचाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
सरळ चालले म्हणत होते ना, कुठली सरळ!
दुसऱ्या ओघळीत धूळ पिठासारखी बारीक.
तिथं माझ्या टाचेवर चार बोटं उमटलेली, नखांसकट.
कुत्रं असेल.
पण वस्ती कोसभर लांब,
आणि कुत्रं असं दोरी धरल्यासारखं चालत नाही.
पुढच्या पावलावर परत तेच. त्याच्या पुढच्यावरही.
चिलवेरी काकू,
कुणासोबत होते, मला आत्ता कळलं.

मागं बघितलं नाही. खोटं कशाला,
तीनदा बघितलं.
गवत. ऊन. गवत.

हिवराखाली माझी गाडी घोंगडी पांघरून उभी.
शेजारी एक म्हातारा, शेळ्या, पाच लिटरचा तेलाचा डबा.
"च्यावी गाडीलाच राहिली की बाई.
सीट तापलं असतं म्हणून टाकली घोंगडी.
एकटीच काय करालाव हितं?"
नाव मायाप्पा. डब्यातलं पाणी गार होतं, जरा तेलकट.
माझी कडक भाकरी त्यांनी गुडघ्यावर मोडली,
शेंगाचटणी तळहातावर घेतली, अर्धी परत दिली.
लांडग्याचं सांगितलं तर म्हणाले, "हाय की. बघून जातंय."
माळढोक दिसतो का हो?
"गेल्या वर्षी दिसला."
एक शेळी तारेत शिंग घालून बसली होती, ती सोडवून आले.
"गेल्या वर्षीच म्हणतोय बघा मी,
चारेक वर्षं झाली."

दिवस कलताना निघाले. शहराचा वास आधी आला, दिवे नंतर.
काकू दारातच. मी हेल्मेट काढलं नाही,
म्हटलं, काय ऐकू येईना.

सकाळी पांढरा गठ्ठा पुढ्यात,
बोट फिरवलं आणि टोचलं.
नियमानं तो डाग. माल दोन नंबरला जातो.
इकडं तिकडं बघून उपसलं,
ओढणीच्या काठात टोचून ठेवलं,
सुई ठेवतात तसं.